मुरबाड ते मुरबाड: नाणेघाटाने वर, आहुप्याने खाली

ठाण्यातून सॅक पाठीवर टाकून निघायचं, चार रात्री घाटमाथ्यावर काढायच्या आणि गेलो त्याच मुरबाडच्या रस्त्याने घरी परत यायचं, मध्ये कुठेही स्वतःची गाडी नाही, असा एक प्लॅन सध्या आमच्या घरात शिजतोय. नाताळच्या सुट्टीत निघतोय. मी, नवरा, नववीतली लेक, ऐरोलीची माझी ताई आणि तिचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, असे पाच जण. गेले कित्येक दिवस संध्याकाळी जेवणं झाली की टेबलावर नकाशा पसरतो आणि मग अकरा कधी वाजतात कळत नाही, म्हणून म्हटलं जे जे ठरलंय आणि का ठरलंय ते एकदा लिहून काढू, कोणाला असाच ट्रेक करायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी वाट सांगते. कल्याणहून एसटीने मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे. तिथून नाणेघाट चढून वर घाटघर (हे जुन्नरचं घाटघर बरं का, भंडारदऱ्याजवळचं नाही, दोघांचा घोळ नेहमी होतो). मग जीवधन किल्ला, तिथून आंबोली, आंबोलीहून ढाकोबाचं शिखर करून दुर्गवाडी, तिथली दुर्गची टेकडी बघून हातवीजवरून आहुपे, आणि आहुप्याच्या घाटाने खाली खोपिवलीला उतरलं की म्हसा, मुरबाड, कल्याण. म्हणजे ठाणे जिल्ह्यातून चढायचं, पुणे जिल्ह्याच्या काठाकाठाने चालायचं आणि परत ठाणे जिल्ह्यातच उतरायचं. ट्रेकर मंडळींना ही रांग माहितीची आहे, पायात दम असलेले लोक दोन-तीन दिवसांत मारतात. आम्ही पाच दिवस घेतोय आणि ते मुद्दाम, का ते पुढे येईलच.

सुरुवातीला भाच्याचा आग्रह हरिश्चंद्रगडाचा होता. बेलपाड्यावरून साधले घाटाने वर आणि दुसऱ्या एखाद्या वाटेने खाली, तोही आपल्याच मुरबाड बाजूने होतो. पण सुट्टीच्या दिवसांत कोकणकड्यावर तंबूंची जी रांग लागते, स्पीकर वाजतात, त्यात मला चार रात्री सोडा एकही काढायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला एक गड गाठून परत यायचंच नव्हतं, मला गावातून गावात चालायचं होतं. पूर्वी लोक जायचे तसं, सकाळी एका गावातून निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या गावात टेकायचं. ताईने लगेच मान डोलावली आणि हरिश्चंद्रगड मागे पडला.

आता माझा मुख्य मुद्दा. असा अनेक दिवसांचा ट्रेक आखताना बहुतेक जण आधी गडांची यादी करतात, मग ते गड जोडणारी रेघ काढतात आणि मग रोज किती किलोमीटर पडतात ते बघतात. माझं ठाम मत झालंय की हे उलट करायला हवं. आधी नकाशावर दोनच गोष्टी शोधायच्या, पाणी कुठे आहे आणि खाली किंवा बाहेर पडायची वाट कुठे आहे. त्या दोन नक्की झाल्या की मुक्काम आपोआप ठरतात आणि मुक्काम ठरले की मग मधल्या वेळात कुठला गड बसतो ते बघायचं. गड कुठे पळून जात नाहीत.

नकाशा म्हणाल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट वापरतोय, ऑनलाइन मिळतात. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. मोबाईलवरचे नकाशे पण घेतलेत, ऑफलाइन डाउनलोड करून, पण पाच डोकी एका मोबाईलवर वाकून काही ठरत नाही, कागद लागतोच. आमची वाट दोन शीटवर येते म्हणून ती प्रिंट काढून सेलोटेपने जोडलीत आणि लेकीने रंगीत पेनांनी खुणा केल्यात, निळी म्हणजे पाणी, लाल म्हणजे सुटायची वाट. तिला नकाशा वाचायला शिकवताना मजा येते, रेषा जवळजवळ आल्या की कडा, लांब लांब गेल्या की पठार, एवढं एकदा डोक्यात बसलं की पोरं झटकन वाचायला लागतात. तिनेच दाखवलं की आमच्या सगळ्या वाटेच्या पश्चिमेला रेषा एकमेकींना चिकटल्यात आणि पूर्वेला मस्त पसरल्यात. तोच तर सह्याद्री. कोकणाकडे तुटलेला कडा आणि देशाकडे हळूहळू उतरणारी खोरी.

आणि ही खोरीच आम्हाला सोडवणार आहेत. ही रांग चालताना डाव्या हाताला एकामागून एक तीन नद्यांचे उगम येतात. नाणेघाट-घाटघरच्या बाजूला कुकडीचं खोरं, मग ढाकोबाखाली आंबोलीला मीना, आणि शेवटी आहुप्याला घोड. कुकडी आणि मीना पुढे घोडला मिळतात, घोड भीमेला, आणि ते पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. उजव्या हाताला पडलेलं पाणी मात्र मुरबाडवरून उल्हासला मिळून कल्याणची खाडी, आपलं कोलशेत, घोडबंदर करत वसईला समुद्रात. पाच-पन्नास पावलांच्या अंतराने पावसाच्या दोन थेंबांची इतकी वेगळी वाट होते आणि आम्ही त्याच धारेवरून चालणार, हे ऐकून भाचा हरिश्चंद्रगड विसरला! तर प्रत्येक खोऱ्यात वरपर्यंत गाव आहे, गावापर्यंत रस्ता आहे, आणि रस्ता आहे म्हणजे एसटी किंवा जीप आहे. घाटघर, आंबोली, दुर्गवाडी जुन्नरशी जोडलेली आहेत, आहुपे घोडेगावशी. म्हणजे चारही रात्री आम्ही अशा ठिकाणी आहोत जिथून सकाळी कोणाचा पाय सुजला, ताप आला तर सरळ गाडीत बसून बाहेर पडता येतं. कोकणाकडे उतरायच्या वाटा पण आहेत, आंबोलीहून दाऱ्या घाट पळूकडे उतरतो तो ठीकठाक आहे, पण दुर्गवाडीजवळची खुटेदऱ्याची वाट अवघड, ती वाटाड्या असल्याशिवाय आणि पाठीवर ओझं घेऊन तर नाहीच. लाल पेनाने तिच्यावर फुली मारली आहे.

मुक्काम गावातच, हे त्यातून ठरलं. तंबू नाही. यावर नवऱ्याशी जरा वाद झाला, त्याला कड्यावर तंबू टाकून झोपायची हौस, पण हिशेब साधा आहे, कड्यावर झोपायचं म्हणजे संध्याकाळचं, रात्रीचं, सकाळचं पाणी वर न्यायचं, एक लिटर म्हणजे एक किलो, पाच माणसांचं पंधरा-वीस लिटर झालं, वर तंबूचं वजन, आणि वाटेचा काही भाग भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीला लागतो तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकून चालत नाही. शेकोटी तर अजिबात नाही, डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पडली तरी अख्खा डोंगर पेटतो. गॅसचा छोटा स्टोव्ह न्यावा म्हटलं तर लोकलने कल्याणला जायचंय आणि रेल्वेत असं ज्वलनशील सामान न्यायला मनाई आहे. म्हणून जेवण गावातल्या घरात. या सगळ्या पट्ट्यात वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची, भातशेती, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा गोळा करायचा, त्या हिरड्यावर इथल्या घरांचा मोठा आधार असतो. तिथल्या घरात पिठलं-भाकरी किंवा वरण-भात मिळाला की आणखी काय हवं. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. एक, आधी फोन करून किती जण ते सांगायचं, संध्याकाळी सातला अचानक पाच माणसं दारात उभी राहिली तर त्या बाईला किती त्रास. आणि दुसरं, पैशाचं आधी मोकळेपणाने विचारायचं आणि सांगतील ते घासाघीस न करता द्यायचे. ‘गावचे लोक प्रेमाने देतात’ म्हणून शंभराची नोट सरकवून निघणारे बघितलेत मी, मला फार चीड येते. प्रेमाने देतात म्हणून तर नीट द्यायचे.

आता वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला, तो अजून जगभर वापरतात, दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नाणेघाट घ्या, वैशाखऱ्याजवळून चार-पाच किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या वर, नेस्मिथच्या हिशेबाने दोन तास. पण हे झालं थंड हवेतल्या, हलक्या पाठीच्या माणसाचं. आपल्याकडे दगडधोंड्यांची वाट, ऊन, पाठीवर सॅक, सोबत पोरं, फोटो, म्हणून मी सरळ पावणेदोनने गुणते. म्हणजे साडेतीन तास. तसं धरलं की चुकामूक झाली, वाट शोधावी लागली तरी दम निघतो. डिसेंबर अखेर सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे हातात जेमतेम अकरा तास उजेड. आम्ही नियम केलाय की चार वाजता मुक्कामाच्या गावात पोचलेलं असायचं, म्हणजे दोन तास राखीव. अंधारात चालणं नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बिबट्याची धास्ती आहे आणि ती काही उगाच नाही, जुन्नर तालुका बिबट्यांसाठी प्रसिद्धच आहे, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. तिथले बिबटे जास्त करून खालच्या बागायती भागात उसाच्या आडोशाने असतात, पण जंगल ते जंगल, दिवस मावळायच्या आत घरात.

म्हणून पाच दिवस. पहिल्या दिवशी कल्याणहून पहाटेची आळेफाटा किंवा जुन्नरकडे जाणारी गाडी धरली की उन्हं चढायच्या आत घाट चढायला लागू. इथे घाई करायची नाही यावर मी अडून बसले आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना, त्यात त्यांनी केलेले अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यात दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांचे आकडे कोरलेत, भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये ते अंक धरले जातात. तिथे राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, आता फक्त पावलं आणि वर नावं उरलीत. वर आलं की दगडी रांजण, जकात गोळा करायचा असं म्हणतात. सोपारा, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला जायचा. आम्ही ज्या रस्त्याने एसटीत पेंगत जाणार तो त्या व्यापाराचाच मार्ग! लेकीला हे तिथे उभं राहून सांगायचंय मला, त्यासाठी दोन तास गेले तरी चालतील. आणि निघायचं सोमवारी, कारण शनिवार-रविवारी नाणेघाटावर घाटघरच्या रस्त्याने गाड्याच गाड्या येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅका घाटघरात ठेवून फक्त पाणी आणि खाऊ घेऊन जीवधन. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून इथल्या वाटा उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे पायऱ्यांच्या मध्येच एखादा टप्पा हात टेकून चढायचा आहे. नाणेघाट बाजूने कल्याण दरवाजाची वाट भारी आहे पण लेक आणि ताई सोबत असताना आम्ही घाटघरच्या बाजूने जुन्नर दरवाजाची वाट घेतोय, तरी तीस मीटरचा दोर भाचा घेणारच आहे. वर धान्याचं दगडी कोठार आहे, आणि पश्चिमेच्या टोकावरून खाली वानरलिंगीचा सुळका. निजामशाही बुडाली तेव्हा तिचा एक लहानगा वारस याच किल्ल्यावर कैदेत होता, शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं. तिथे एक सूचना, कड्यांना आग्यामोहोळं असतात, म्हणून परफ्यूम, डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको. भाच्याला डिओ घरीच ठेवायला सांगितलाय. दुपारी उतरून सॅका उचलून आंबोली.

तिसरा दिवस सगळ्यात मोठा आणि मला सगळ्यात जास्त त्याचीच ओढ आहे. आंबोलीहून ढाकोबा, साधारण १२६० मीटर, आमच्या वाटेवरचं सगळ्यात उंच ठिकाण. माथ्यावरून कोकणाकडे कडा असा सरळ तुटलाय की खालची मुरबाडची शेतं, पाडे नकाशासारखे दिसतात. आंबोलीतून दोन-अडीच तास चढ, आणि मग तिथून रानातून दुर्गवाडी. या दिवशी प्रत्येकी चार लिटर पाणी आंबोलीतच भरून घ्यायचं, वाटेत मिळेल या भरवशावर राहायचं नाही, मिळालं तर चांगलंच. आणि या दिवसासाठी आंबोलीतून गावातला वाटाड्या घेतोय. पठारावर गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की मोबाईलवरची रेघ पाच मीटरवर असते आणि तुम्ही मात्र करवंदीच्या जाळीत. शिवाय गावच्या माणसाबरोबर चाललं की झाडांची नावं कळतात, कुठल्या टेपावर काय घडलं ते कळतं, हे कुठल्या ॲपमध्ये येणार.

चौथ्या दिवशी सकाळी दुर्गादेवीचं देऊळ आणि त्यामागची छोटी टेकडी, अर्ध्या-पाऊण तासात होते. मग हातवीजवरून आहुपे. आहुप्याची देवराई बघायची आहे, शेकरू दिसला तर लेक खूश, राज्यप्राणी आपला, आणि भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झालं ते मुख्यतः त्याच्यासाठीच. संध्याकाळी आहुप्याच्या कड्यावरून समोर गोरख-मच्छिंद्र आणि सिद्धगड. पाचव्या दिवशी उन्हं तापायच्या आत घाट उतरायचा, उतरताना गुडघे बोलतात म्हणून ताईसाठी दोन काठ्या.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, एकच पथ्य, पाण्यासकट दहा किलोच्या वर सॅक नाही, पोरीची सहा. बॅग तोलायच्या काट्यावर रोज तोलणं चालू आहे. दोन जोड कपडे, रात्रीला लोकरीचं काहीतरी कारण जुन्नरकडची थंडी ठाण्याच्या माणसाला झोंबते, हेडटॉर्च, ओआरएस, क्लोरीनचे थेंब, पायाला चिकटपट्टी. खाऊला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, सातूचं पीठ आणि आईंचं मेतकूट, ते ज्यावर घालायचं तो गरम भात कुठल्याही गावात मिळेलच. बूट नवीन घेणार असाल तर निघायच्या महिनाभर आधी घ्या आणि त्यात चाला. आम्ही रविवारी सकाळी येऊरच्या रस्त्याने भरलेल्या सॅका घेऊन चालतोय, आणि आठवड्यात दोनदा बिल्डिंगचे जिने, चौदा मजले वर, लिफ्टने खाली म्हणजे गुडघ्यांवर ताण नाही. लेकीने शाळेचं दप्तर लावून सुरुवात केली, आता ती माझ्या पुढे असते.

आईंचं माहेर मुरबाडचं, त्यामुळे म्हशाचं नाव निघालं की त्या पौष पौर्णिमेच्या जत्रेच्या गोष्टी सुरू करतात, बैलांचा बाजार, घोंगड्या. आमची तारीख जत्रेच्या आधी पडतेय म्हणून त्या जरा नाराज आहेत, पण म्हशाला खांबलिंगेश्वराचं दर्शन घेऊन या असा निरोप आहे, तो पाळणार.

राहिलेली कामं म्हणजे आंबोलीच्या वाटाड्याला तारीख पक्की कळवायची, दुर्गवाडीत जेवणाचं सांगायचं आणि कागद तयार करायचा. हा कागद बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे राहणार. त्यात रोजचा मुक्काम, त्या त्या गावातल्या घराचा फोन, सगळ्यांचे रक्तगट, कुठून कसं बाहेर पडता येईल, शिवाय ११२ आणि १०८ च्या खाली महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर. मोबाईलला सगळीकडे रेंज नसणार, म्हणून ठरलंय की रोज रात्री आठपर्यंत गावातून कसाही करून एक फोन, आठला आला नाही तर बाबा आधी त्या गावच्या घरी फोन लावणार, तिथे आम्ही पोचलोच नसलो तर लगेच आदल्या मुक्कामाच्या घरी आणि हेल्पलाइनला. बाबांनी कागद वाचून दोन प्रश्न विचारले, दुर्गवाडीत लँडलाइन आहे का आणि वाटाड्याचा नंबर यात का नाही. वाटाड्याचा नंबर काल लिहिला, दुर्गवाडीचं उद्या फोनवर विचारते.